स्वप्नात भानावर येण्याचा सराव

मलप्रभेला पूर आला आहे, पाणी आजोळच्या सोप्यापर्यंत चढले आहे आणि मला माडीचा जिना सापडत नाही, हे स्वप्न मी लहानपणापासून कितीतरी वेळा पाहिले. आजोळ बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात असल्यामुळे पावसाळ्यातील ते पाणी माझ्या ओळखीचे होते. मात्र त्या घराला माडीच नाही, ही साधी गोष्ट स्वप्न चालू असताना एकदाही ध्यानात येत नसे. ज्या रात्री ती ध्यानात आली, त्या रात्री मला झोपेतच कळले की हे स्वप्न आहे. अशा स्वप्नाला इंग्रजीत ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू.

ही केवळ कल्पना नाही. 1975 मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून, आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावीउजवीकडे हलवून केलेली खूण यंत्रावर नोंदवली, आणि पुढे स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवून दिले. स्वप्नझोपेत हातपाय शिथिल पडतात, पण डोळे हलू शकतात, म्हणून ही खूण शक्य होते. झोपेचे चक्र साधारण 90 मिनिटांचे असते आणि स्वप्नांचा टप्पा प्रत्येक चक्रागणिक लांबत जातो. पहाटेचे स्वप्न खरे होते की नाही हा विषय वेगळा, पण ते सर्वांत लांब आणि आठवणारे असते, हे मात्र खरे. आपला सराव म्हणूनच पहाटेभोवती बेतायचा आहे.

सुरुवात वहीपासून करावी. जाग आल्यावर कूस बदलू नये, डोळे उघडू नयेत, आणि शेवटचे दृश्य धरून मागे मागे जात स्वप्न आठवावे. मगच उशाशी ठेवलेल्या वहीत लिहावे. आपल्याकडे स्वप्नातील दुकानदार कानडीत बोलतो आणि आई मराठीत, तेव्हा जे ज्या भाषेत ऐकले ते त्याच भाषेत टिपावे, कारण भाषांतर करेपर्यंत निम्मे निसटून जाते. दोन-तीन आठवड्यांनी वही सलग वाचली की पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. माझ्या वहीत तो नसलेला जिना पाच वेळा होता. या आपल्या खुणा; त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत.

दुसरा भाग दिवसाचा आहे, आणि बहुतेक जण इथेच आळस करतात. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून ‘हे स्वप्न तर नाही ना?’ असे मनापासून विचारावे आणि पडताळा घ्यावा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात तो बऱ्याचदा घेता येतो. दुसरा पडताळा वाचनाचा आहे. बसथांब्यावर उभे असताना गाडीची पाटी वाचावी, नजर दुसरीकडे न्यावी आणि पुन्हा वाचावी. जागेपणी अक्षरे जागची हलत नाहीत, स्वप्नात ती सहसा बदलतात. मला एकदा ‘खानापूर’ ही पाटी आधी कानडीत दिसली, मग मराठीत, आणि तिसऱ्यांदा ती कोणत्याच लिपीत नव्हती. मात्र पडताळा सवयीने उरकला तर स्वप्नातही तसाच उरकला जातो, म्हणून प्रत्येक वेळी शंका खरी असली पाहिजे.

तिसरा भाग संकल्पाचा. झोपून सुमारे पाच तास झाल्यावर उठावे, वीसेक मिनिटे मोबाइलला हात न लावता जागे राहावे आणि नुकतेच पाहिलेले स्वप्न आठवून पुन्हा पडावे. ‘यापुढे स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे, हे मला आठवेल’ असे म्हणत, त्याच स्वप्नात आपण खूण ओळखली असे चित्र झोप लागेपर्यंत मनात पाहावे. हे आठवड्यातून एक-दोनदाच, आणि सकाळी गाडी चालवायची नसेल तेव्हाच करावे.

भान आल्यावर आनंदाच्या भरात जाग येते. त्या क्षणी स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळावेत, भिंतीला हात लावावा. स्पर्शात मन गुंतले की स्वप्न टिकते. ताबा ही त्यानंतरची गोष्ट आहे, आणि तो हुकूम सोडून मिळत नाही. मी पाण्याला ‘ओसर’ म्हणून ओरडले, तर ते वाढले. पुढच्या खेपेला मागे परसाचे दार आहेच, अशा खात्रीने वळले आणि दार होते. स्वप्न आपल्या अपेक्षेच्या मागे चालते, इच्छेच्या नव्हे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी वसाहत आहे. तिबेटी बौद्ध परंपरेतील स्वप्नयोगातही भयापासून न पळण्याचा सराव असतो. म्हणून पहिल्या काही वेळा काहीही बदलू नये, नुसते उभे राहून पाहावे.

कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. स्वप्नझोपेतील शिथिलता क्षणभर मागे रेंगाळल्याने हे होते. ती बाधा नव्हे. श्वास संथ ठेवून एखादे बोट हलवण्याचा प्रयत्न करावा. ज्यांना जागेपणी भास होतात किंवा ज्यांच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव सुरू करू नये.