वायफाय ड्रायव्हरमध्ये चॅनेल बदलताना या चुका टाळा

रेडिओच्या रजिस्टरमध्ये नवी फ्रिक्वेन्सी लिहिली की चॅनेल बदलले, असे धरून कोड लिहू नका. ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे यंत्र) आधी बीकनमधून, म्हणजे ठराविक अंतराने पाठवलेल्या छोट्या संदेशातून, सांगतो की इतक्या बीकननंतर मी अमुक चॅनेलवर जाणार. दोन बीकनमध्ये सहसा 102.4 मिलिसेकंदांचे अंतर असते. मोजणी 10 पासून धरली तर सेकंदभर जातो, आणि बाकीची कामे त्या सेकंदात थांबत नाहीत.

सर्वात छळतो तो स्कॅन, म्हणजे इतर चॅनेलवर जाऊन आसपासची नेटवर्क शोधणे. मोजणी 4 वर असताना कोणीतरी स्कॅन मागतो. ॲक्सेस पॉइंटचा ड्रायव्हर चालू चॅनेल, समजा 36, व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतो आणि फिरायला निघतो. दरम्यान मोजणी संपते, लॅपटॉप-मोबाइल 44 वर जातात. स्कॅन आटोपल्यावर ड्रायव्हर इमानाने 36 वर परततो. लॉगमध्ये एकही एरर नाही, पण सगळ्यांचे नेट बंद! म्हणून परतायचे चॅनेल परततानाच वाचा. लिनक्सच्या मॅक80211 मध्ये, म्हणजे कर्नलच्या वायफाय भागात, स्कॅन चालू असताना चॅनेल बदलायला सांगितले तर ‘ईबिझी’ (दुसरे काम चालू आहे, असा एरर) मिळतो. उलट बाजूची तपासणीही (चॅनेल बदल चालू असताना स्कॅन नाकारणे) हवीच, आणि दोन्ही एकाच लॉकखाली, म्हणजे एका वेळी एकच काम आत जाऊ देणाऱ्या कुलपाखाली. तपासून लॉक सोडला आणि मग काम सुरू केले, तर त्या फटीतून दुसरे काम घुसते.

रडारची गोष्ट मात्र वेगळी. 5 गिगाहर्ट्‌झमधल्या रडारच्या चॅनेलवर रडार दिसले की 10 सेकंदांत चॅनेल सोडावेच लागते, पुढे 30 मिनिटे तिथे परतता येत नाही. तिथे ‘ईबिझी’ देऊन हात झटकू नका, स्कॅन रद्द करा.

इंटरफेस डाउन करताना टर्मिनल हँग झाले तर आधी लॉक बघा. बंद करणारा कोड लॉक धरून वर्क (मागे रांगेत चालणारे काम) संपायची वाट बघतो, आणि त्या वर्कला तोच लॉक हवा असतो. लॉकडेप (कर्नलचा लॉक तपासनीस) चालू ठेवा, तो हे पकडतो. नव्या कर्नलमध्ये ‘वायफाय वर्क’ (wiphy_work) आहे. तो मुळात त्या लॉकखालीच चालतो, त्यामुळे लॉक धरून रद्द करता येतो.

कनेक्शन दिसते पण पिंग जात नाही? चॅनेल बदलण्याआधी थांबवलेले क्यू (पाठवायच्या पॅकेटच्या रांगा) एरर आल्यावर पुन्हा सुरू करायचे राहिलेले असतात. प्रत्येक रिटर्न तपासा.

शेवटी मॅक80211_एचडब्ल्यूसिमवर (खऱ्या रेडिओशिवाय चाचणी करायचा नकली रेडिओ) एका टर्मिनलमध्ये स्कॅन, दुसऱ्यात चॅनेल बदल आणि तिसऱ्यात इंटरफेस अप-डाउन असे तीन लूप रात्रभर एकदम चालू ठेवा.