मान धरली आहे: हाताने मोकळी करून घ्यावी की व्यायाम करावा?

आधी एक खात्री करा. हातापायांतली शक्ती कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, ताप, अपघातानंतरची वेदना, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, चक्कर किंवा बोलणे अडखळणे यांतले काहीही असेल, तर मानेला कुणाला हात लावू देऊ नका. थेट डॉक्टर गाठा.

साध्या मानदुखीत दोन्ही उपाय चालतात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या २७२ जणांच्या चाचणीत मणक्यांचे मॅनिप्युलेशन (तज्ज्ञाने हाताने मणक्यांचे सांधे हलवून मोकळे करणे) आणि घरचे व्यायाम यांच्या परिणामात महत्त्वाचा फरक आढळला नाही. व्यायामवाल्यांना शिकायला तासाभराच्या दोनच भेटी होत्या, पण घरी दिवसातून सहा ते आठ वेळा व्यायाम करायला सांगितले होते. खरी मेख या 'सहा ते आठ'मध्ये आहे.

मान वळतच नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून सुरुवात करा. जाण्याआधी खुर्चीत ताठ बसून मान वळवा आणि कुठपर्यंत दिसते ते लक्षात ठेवा. उपचारानंतर पुन्हा वळवून पाहा. मोकळेपणा वाढला असेल, तर त्याच दिवशी व्यायाम करा. नुसत्या हातांनी आलेला आराम टिकेलच असे नाही. दोन-तीन भेटींत काहीच फरक नसेल तर पैसे घालवू नका.

पहिला व्यायाम: उताणे झोपा, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवा. 'हो' म्हणताना हलते तितकीच हनुवटी खाली घ्या, १० सेकंद धरा, सोडा. असे १० वेळा. डोके उचलायचे नाही. गळ्याच्या बाजूंना बोटे ठेवा. तिथला स्नायू दोरीसारखा ताठला तर जोर जास्त झाला आहे. ही चूक अनेक जण करतात, आणि मग खोलवरच्या स्नायूंना काम मिळतच नाही.

हे सहज जमू लागले की तळहात कपाळावर, मग डोक्यामागे आणि दोन्ही बाजूंना ठेवून मान न हलवता दाब द्या. हा दाबाचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस पुरे. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या सकाळीही वाढलेले दुखणे राहिले तर आवर्तने निम्मी करा. कळ हातात उतरू लागली तर थांबा आणि तपासून घ्या.

सलूनमध्ये कटकन मान मोडून घेऊ नका. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.