किशोरांसाठीच्या नव्या अद्भुत आणि विज्ञानकादंबऱ्या कशा वाचाव्यात

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुपारी घराबाहेर पडणे कठीण होते, आणि सुट्टीतील त्या लांबलचक दुपारी जाड कादंबरीसाठी उत्तम असतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंग्रजीमध्ये ‘यंग अडल्ट’ या नावाने, म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी, लिहिल्या गेलेल्या अद्भुतकादंबऱ्या आणि विज्ञानकादंबऱ्या आपल्याकडील मुलांनाही हव्याशा वाटतात. परंतु मराठी माध्यमातून शिकलेले अनेक वाचक पहिल्या तीस-चाळीस पानांतच पुस्तक मिटवतात आणि आपले इंग्रजी कच्चे आहे असे समजतात. अडचण बहुधा इंग्रजीची नसते. या पुस्तकांतील कितीतरी शब्द लेखकाने त्या कथेसाठी नव्याने घडवलेले किंवा दुसऱ्या भाषेतून आणलेले असतात, आणि ते इंग्लंड-अमेरिकेतील वाचकालाही प्रथमच भेटत असतात.

सुरुवात ओळखीच्या भूमीवरून करावी. रोशनी चोक्षी यांची ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८) ही कादंबरी खरे तर एक पायरी खालच्या, म्हणजे आठ ते बारा वर्षांच्या वयोगटासाठी आहे. तरीही पहिले पुस्तक म्हणून ती मोठ्या मुलांनाही उपयोगी पडते, कारण तिच्यातील बारा वर्षांची नायिका अर्जुनाच्या आत्म्याचा पुनर्जन्म आहे आणि महाभारताचे संदर्भ आपल्या वाचकाला न अडखळता कळतात. विज्ञानकथेकडे जायचे असेल तर आधी जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मराठीतच वाचावी. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नाही, एवढी एकच गोष्ट तेथे बदलली आहे, आणि त्यातून साऱ्या हिंदुस्थानचा इतिहास निराळा झाला आहे. एक गृहीतक बदलून त्याचे परिणाम शेवटपर्यंत प्रामाणिकपणे शोधण्याची ही रीत ज्याला कळली, त्याच्या हाती बहुतेक विज्ञानकादंबऱ्यांची किल्ली आली.

त्यानंतर पुस्तक निवडावे. जागतिक विज्ञानकथा संमेलनात ह्यूगो पुरस्कारांच्या सोबत २०१८ पासून किशोरवयीनांच्या पुस्तकासाठी ‘लोडस्टार’ हा पुरस्कार दिला जातो, आणि त्याच्या विजेत्यांची व नामांकनांची यादी चांगली वाटाड्या ठरते. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या यादीतील नावे लिहून न्यावीत आणि ग्रंथपालांशी बोलावे. पुस्तक तेथे नसले तरी मागणी नोंदवली गेली पाहिजे. ही पुस्तके बहुधा मालिकेतील असतात, म्हणून हाती आलेला खंड कितवा आहे हे आधी पाहावे. पूर्वकथा नंतर लिहिली गेली असेल तर प्रकाशनाचा क्रम पाळावा, असे माझे ठाम मत आहे. सुझान कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’चे तीन मूळ खंड २००८ ते २०१० या काळात आले, तर २०२० आणि २०२५ मध्ये आलेल्या दोन कादंबऱ्या त्याआधीच्या काळात घडतात, घटनांच्या क्रमाने वाचल्यास मूळ खंडांतील अनेक रहस्ये आधीच उघडी पडतात.

आता प्रत्यक्ष वाचन. पहिली पन्नास पाने शब्दकोश न उघडता वाचावीत, आणि हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. सोलापूरच्या मुलाला हे शिकवावे लागू नये. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू किंवा दखनी ऐकत तो वाढलेला असतो. प्रत्येक शब्द कळला नाही तरी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आणि प्रसंगावरून तो अर्थ लावतो, आणि त्याचा व्यवहार अडत नाही. तोच कान पुस्तकाला लावावा. टोमी अडेयेमी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’मध्ये (२०१८) जादूचे मंत्र पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेत आहेत. माझी भाची तेथे थबकली, तेव्हा मी तिला एवढेच विचारले, की घरातील पूजेत म्हटल्या जाणाऱ्या संस्कृत मंत्रांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ तुला येतो का. ती पुढे वाचू लागली. मंत्राने काय घडले हे पुढच्या ओळींत कळतेच. जो शब्द तिसऱ्यांदा येऊनही उलगडत नाही, तेवढाच वहीत लिहावा.

त्या वहीचे एक पान पात्रांच्या नावांसाठी आणि नात्यांसाठी ठेवावे. या कादंबऱ्यांत निवेदक वारंवार बदलतो. वर सांगितलेल्या पुस्तकात झेली, अमारी आणि इनान हे तिघे आळीपाळीने कथा सांगतात. प्रकरणाच्या शीर्षकातील नाव घाईत ओलांडले, की ‘मी’ कोण याचा घोळ होतो. पुस्तकात नकाशा असेल तर त्या पानावर खूण घालावी.

दुसऱ्या पानावर त्या जगाचा नियम लिहावा. आपल्याकडे जकार्डच्या मागावर चादर विणली जाते, तेव्हा कोणता धागा उचलला जाईल हे वर लावलेली भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने ठरवतात; चादरीवर ती पाने दिसत नाहीत, पण नक्षी त्यांच्यामुळेच उमटते. कादंबरीतील नियम असाच आतून काम करतो. नील शुस्टरमन यांच्या ‘साइद’मध्ये (२०१६) माणसाने रोग आणि वार्धक्याचे मरण जिंकले आहे, आणि लोकसंख्या आवरण्यासाठी काही व्यक्तींना माणसे मारण्याचा अधिकार दिला आहे. जगाचा कारभार चालवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मात्र या एका विषयात हस्तक्षेप करता येत नाही. एवढे तीन ओळींत लिहून ठेवले, की पुढील प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न विचारता येतात: हा नियम कोणाच्या सोयीचा आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो? अद्भुतकादंबरीतील जादूलाही हेच प्रश्न लागू होतात. किंमत न मोजता मिळणारी जादू मला नेहमीच लेखकाच्या आळसाची खूण वाटते.

पालकांनी पुस्तक आधी चाळावे, कारण या वयोगटातील काही कादंबऱ्यांत हिंसा बरीच असते. ‘साइद’ही चौदा वर्षांच्या आतील मुलाला मी एकट्याने वाचायला देणार नाही. बंदी घालण्यापेक्षा तोच खंड घरातील मोठ्याने सोबत वाचावा आणि रात्री जेवताना त्याविषयी बोलावे.

शंभर पानांनंतरही मन लागत नसेल तर पुस्तक निःसंकोच परत करावे. मन लागले आणि खंड संपला, तर दुसरा हाती घेण्यापूर्वी वहीत एक पान कथासार मराठीत लिहावे: कोण कोठे आहे, कोणते वचन अपुरे राहिले, कोणता नियम मोडला. पुढचा खंड ग्रंथालयात यायला दिवाळीही उजाडू शकते, आणि तेव्हा पुन्हा कथेत शिरताना हेच पान आधी वाचता येते.