फ्लाय फिशिंग: रॉड घेताना आणि कास्टिंग करताना या चुका टाळा

गळाला शिसं बांधून फेकायची ज्यांना सवय आहे, त्यांचं फ्लाय फिशिंगमध्ये सुरुवातीलाच बिनसतं. फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्याचं नकली आमिष, तिला वजन जवळपास नसतंच. लांब जाते ती लाइन, म्हणजे जाड, वजनदार दोरी. फ्लाय तिच्यामागे ओढली जाते. म्हणूनच रॉडवर लिहिलेला नंबर हा लाइनचा असतो. पाच नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आठ नंबरचे साडेतेरा.

बहुतेक जण ९ फुटी, पाच नंबरचा रॉड मागवतात. ट्राउटसाठी तो उत्तम, तळ्यातल्या तिलापियालाही चालतो. पण खाडीवरचा दुपारचा वारा आणि जिताड्यासाठी बांधलेली मोठी फ्लाय त्याला झेपत नाही. तिथे आठ नंबरच हवा. पैसे कमी असतील तर रॉड साधा घ्या, लाइनवर हात आखडू नका. लाइन उष्ण हवामानासाठीचीच घ्या. थंड पाण्याची लाइन आपल्या उन्हात मऊ पडून चिकटते आणि बोल बिचाऱ्या रॉडला लागतो.

कास्टिंगमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जोर लावल्याने. रॉड मागे नेऊन झटक्यात थांबवायचा, लाइन मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे आणायचा. मागे फटकन चाबकासारखा आवाज आला तर घाई झाली. मागे लाइन जमिनीला टेकते? मनगट फार मोडतंय. लीडरमध्ये, म्हणजे लाइन आणि फ्लायमधल्या बारीक दोऱ्यात, आपोआप गाठी पडतात? त्याला वाऱ्याच्या गाठी म्हणतात खरं, पण बहुतेकदा वारा निर्दोष असतो. पुढे आणताना एकदम दिलेला हिसका नडतो. फोनवर बाजूने व्हिडिओ काढला की खोड लगेच दिसते.

ठाणे खाडीच्या वाशी-ऐरोली काठावर पाण्याकडे तोंड केलं की पश्चिमेचा वारा समोरून येतो. तेव्हा मागची फेक उंच आणि पुढची खाली ठेवा. समोरच्या ठाणे-मुलुंडच्या काठावर नेमकं उलटं. मागे कांदळवन असेल तर रोल कास्टशिवाय, म्हणजे लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे उलगडत टाकण्याशिवाय, गत्यंतर नाही.

सराव गवतावर करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. खारघरचं सेंट्रल पार्क सकाळी लवकर बरं. नंतर चालायला येणाऱ्यांची गर्दी होते. गॉगल तिथेही हवाच.

खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, त्यामुळे आधी हद्द बघा. वर उच्चदाबाच्या तारा असतील तिथे रॉड उघडूच नका, रॉडच्या कार्बनमधून वीज वाहते. घरी आल्यावर रील आणि रॉडच्या कड्या गोड्या पाण्याने धुवा, त्याच रात्री.