छतावर सोलर बसवताय? या चुका टाळा

सोलरच्या तक्रारी ऐकायला बसलं की दिसतं, पॅनेल क्वचित बिघडतात. अडतात ते कागद. सबसिडी मिळाली नाही, बिल उतरलंच नाही, वेंडर फोन उचलत नाही, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा संच बसण्याआधीच्या पंधरा-वीस दिवसांत असतं.

आधी हिशेब. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजने'त पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये अनुदान आहे. म्हणजे ३ किलोवॉटला ७८ हजार. पुढे ५ घ्या की १०, आकडा ७८ हजारच. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या ग्राहकांना राज्याच्या 'स्मार्ट' योजनेतून १ किलोवॉटच्या संचावर आणखी भर मिळते.

मीटर आजोबांच्या नावावर

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल मात्र त्यांच्याच नावाने येतंय आणि कुणाचं काही अडलेलं नाही. सोलरचा अर्ज केला की अडतं. अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर त्याचाच लागतो आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात जातं. तेव्हा वेंडर शोधण्याआधी वीजबिल, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा. बिलावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. बँकेत नुसती आद्याक्षरं. आधारवर स्पेलिंग तिसरंच, हे चित्र घरोघरी सापडेल. जोडणी वारसाच्या नावावर करायची तर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती तयार ठेवा. भावाभावांत बोलणं नसेल तर हे काम संच बसवण्यापेक्षा जास्त वेळ खाईल, पण त्याला पळवाट नाही.

सोसायट्यांचं दुखणं याचंच भावंड आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी संच बसवला तर किलोवॉटला १८ हजार मिळतात, पण कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर असेल तर आधी ते सोसायटीच्या नावावर करून घ्या. गच्ची सामायिक असते. तेव्हा चेअरमनच्या तोंडी 'हो'वर एखाद्या सभासदाने स्वतःची पॅनेल चढवू नयेत. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या आणि त्यात जागा, गच्चीच्या गळतीची जबाबदारी, टाकीकडे जायची वाट हे सगळं लिहून घ्या.

'सबसिडी वजा करून द्या, बाकीचं मी बघतो'

असं म्हणणारा वेंडर गोड वाटतो. पण अनुदान संच चालू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येतं. वेंडरने ते आधीच वजा धरलं तर तुमच्यात आणि त्याच्यात एक उधारी तयार होते, आणि बहुतेकदा ती कागदावर नसते. पूर्ण किमतीचं कोटेशन घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, बसेपर्यंत हातात ठेवा. हातात रक्कम नसेल तर ३ किलोवॉटपर्यंतच्या संचाला सरकारी बँका विनातारण कर्ज देतात, ते बघा. सूर्यघर योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्या फोनला भीक घालू नका.

वेंडर पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पॅनेल डीसीआर हवीत, म्हणजे त्यांचे सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत. डीसीआर नसलेली पॅनेल स्वस्त पडतात, वीजही तेवढीच देतात, पण अनुदान जातं. कोटेशनमध्ये 'उत्तम प्रतीची पॅनेल' एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. कंपनी, मॉडेल, वॉट, 'डीसीआर' हा शब्द, इन्व्हर्टरची वॉरंटी आणि ५ वर्षांची देखभाल, हे सगळं लिहून घ्या. माल आल्यावर प्रत्येक पॅनेलच्या मागच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. एकदा स्ट्रक्चरवर चढल्यावर तिथे मान घालणं अवघड जातं. जीएसटीही तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुन्या दराचं कोटेशन चालवून घेऊ नका.

मोठा संच, छोटा वापर

महाराष्ट्रात १ किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी. नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटांना घरगुती दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून वर्षभराची बिलं काढून त्यावरून माप ठरवा, वेंडरच्या उत्साहावरून नको.

आणि त्याआधी घरातली गळती थांबवा. जुना पंखा ७५ वॉट खातो, कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा 'बीएलडीसी' पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास फिरत असतील तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॉटचं सोलर न बसवताच मिळालं. फ्रिज-एसीच्या लेबलावर तारे बघताना साल पण बघा. निकष कडक होत जातात, जुना पाच तारे आजचा पाच तारे नसतो.

नेट मीटरआधीच संच चालू

ऊन वाया जातंय म्हणून लोक संच आधीच चालू करतात. अनेक साधे मीटर वीज घरात आली की घरातून बाहेर गेली हे ओळखत नाहीत. बाहेर गेलेले युनिटही वापर म्हणूनच मोजतात. मग पहिलंच बिल जास्त येतं आणि 'सोलर फसवं आहे' अशी गावभर बोंब होते. नेट मीटर बसल्यावरही पहिल्या दोन बिलांत आयात आणि निर्यात असे वेगळे आकडे आहेत का ते बघा. मीटरवर निर्यात दिसते पण बिलावर शून्य आहे, तर मीटरचा तारखेसह फोटो काढून लगेच लेखी कळवा.

दोन गैरसमज इथेच निस्तरू. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला संच लाइट गेली की बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी ती सोयच तशी असते. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच.

हक्क आहेत, पण लेखी मागावे लागतात

केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम ३१ डिसेंबर २०२० चे; २०२४ मध्ये त्यांत बदल झाला. त्यानुसार १० किलोवॉटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि लागेल तेवढा मंजूर भार वीज कंपनीनेच वाढवायचा असतो. ५ किलोवॉटपर्यंत संचासाठी यंत्रणा बळकट करावी लागली तर तो खर्चही कंपनीचा. 'ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही' असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. काम झाल्याचं प्रमाणपत्र दिल्यावर १५ दिवसांत कंपनीने करार, मीटर आणि चालू करणं उरकायचं असतं. विनाकारण उशीर झाला तर दिवसाला किमान ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ती कुणी आपणहून देत नाही. अर्जाचा क्रमांक आणि पोच जपा.

वीज कंपनीकडे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर ६० दिवसांच्या आत मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल. वेंडरचं भांडण मात्र तिथे नेऊ नका, ते तिथे फेटाळलंच जाईल. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे: तक्रार दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्याआधी लावून बघा. नोंदलेल्या वेंडरवर पोर्टलवरूनही तक्रार टाका.

पुण्यात राहत असाल तर आणखी एक. सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत अशा प्रकल्पांवर महापालिका मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते, पण यंत्रणा चालू असेल तरच. गच्चीवरचा सोलर बंब गंजून पडलाय आणि सवलत वर्षानुवर्षं घेतली जातेय, अशा सोसायटीने तपासणीचा माणूस यायच्या आत तो दुरुस्त करून घ्यावा.