नॉर्दर्न टेरिटरीतील ॲबोरिजिनल जमीन आणि संरक्षित क्षेत्रे : या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतली जवळपास निम्मी जमीन ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांच्या, मालकीची आहे. मेलबर्न-सिडनीहून गाडी घेऊन तिकडे निघालेली मराठी कुटुंबं असोत की इथे बसून अभ्यास करणारे विद्यार्थी, सगळ्यांची गफलत बहुतेक एकाच कारणाने होते. तिथे एकाच जमिनीवर कायद्याचे तीन-चार थर असतात आणि प्रत्येक थराची परवानगी देणारा वेगळा असतो. एकाने हो म्हटलं की सगळ्यांचं झालं, असं लोक धरून चालतात.

लँड राइट्स आणि नेटिव्ह टायटल एकच समजणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नॉर्दर्न टेरिटरीपुरता असलेला १९७६ चा लँड राइट्स कायदा पूर्ण मालकी देतो. सातबाऱ्यावर शोधावं तसं एखाद्या माणसाचं नाव मात्र तिथे सापडणार नाही. मालकी लँड ट्रस्ट नावाच्या न्यासाकडे असते आणि परंपरेने जमिनीची जबाबदारी असलेल्या गटाचं म्हणणं विचारून लँड कौन्सिल ही त्या भागाची परिषद कारभार पाहते. ही जमीन बाजारात विकता येत नाही. भाडेपट्ट्याने देता येते. महाराष्ट्रात आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला देण्यासाठी निदान जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट आहे. तिथे विक्रीची वाटच ठेवलेली नाही.

नेटिव्ह टायटल हे वेगळं प्रकरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या १९९२ च्या माबो निकालानंतर १९९३ चा कायदा आला. त्यात न्यायालय नवी मालकी बहाल करत नाही, पूर्वापार चालत आलेले हक्क मान्य करतं. ते हक्क कधी इतरांना मज्जाव करण्याइतके भक्कम असतात, तर कधी फक्त शिकार, कंदमुळं, पाणी आणि विधी यांपुरते. गुरांच्या मोठ्या स्टेशनांवर, म्हणजे पास्टोरल लीजच्या जमिनीवर, बहुधा दुसरा प्रकार आढळतो. लीज आणि नेटिव्ह टायटल एकत्र नांदू शकतात, पण दोन्हींत विरोध आला तर लीजधारकाचं चालतं, असं १९९६ च्या विक निकालाने ठरवलं. म्हणून अशा ठिकाणी काम असेल तर स्टेशन चालवणाऱ्यालाही विचारावं लागतं.

हा फरक खाणीच्या वेळी सर्वाधिक जाणवतो. लँड राइट्सच्या जमिनीवर मालक खनिजशोधाला ठाम नकार देऊ शकतात आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षं तो विषय पुन्हा काढता येत नाही. राष्ट्रहिताच्या घोषणेचा अपवाद तेवढा आहे. नेटिव्ह टायटलमध्ये मिळतो तो वाटाघाटीचा हक्क. सहा महिन्यांत जमलं नाही तर प्रकरण ट्रायब्युनलपुढे नेता येतं. दोन्ही हक्कांना ‘आदिवासींची संमती’ असं सरसकट नाव देणारे लेख म्हणूनच दिशाभूल करतात.

आयपीएला राष्ट्रीय उद्यान समजणे

इंडिजिनस प्रोटेक्टेड एरिया, म्हणजे आयपीए, सरकार लादत नाही. जमिनीचे पारंपरिक मालक आपल्या इच्छेने ते जाहीर करतात, व्यवस्थापन आराखडा करतात आणि केंद्र सरकारशी करार करतात. पहिला आयपीए, नान्तावारिना, १९९८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात झाला. २०१२ चा सदर्न तानामी एक कोटी हेक्टरहून मोठा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश.

आयपीए जाहीर झाल्याने खाण आपोआप बंद होत नाही. खाण अडवण्याची ताकद त्या जमिनीच्या मूळ मालकी हक्कात असते. आत शिरायलाही उद्यानासारखं तिकीट नसतं, जमिनीचं परमिट लागतं.

उलुरू या प्रसिद्ध महाकाय खडकाच्या आणि त्याभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत उलटी चूक होते. ते सरकारी आहे असं गृहीत धरलं जातं. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमीन तिथल्या मूळनिवासी आनंगू लोकांना परत मिळाली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यानासाठी दिली. व्यवस्थापन मंडळाच्या १२ जागांपैकी ८ आनंगूंच्या आहेत. खडकावरची चढाई २०१९ मध्ये बंद झाली ती याच मंडळाच्या निर्णयाने. पार्क पास काढला म्हणून उद्यानातल्याच मुतिजुलू वस्तीत जाता येत नाही. सभोवतालच्या काटिटी पीटरमन आयपीएलाही तो पास चालत नाही. पायथ्याशी ‘इथे फोटो काढू नका’ असे फलक आहेत, ते लांबून झूम करून काढायच्या फोटोलाही लागू समजा.

संरक्षण म्हणजे माणूस बाहेर, असं धरणे

व्याघ्रप्रकल्पाच्या कोअर क्षेत्राची सवय असल्याने आपल्याला हे पटायला वेळ लागतो. टेरिटरीच्या ईशान्येकडच्या अर्न्हम लँडच्या खडकाळ पठारावर, वार्डेकनसारख्या आयपीएत, माणसं निघून गेली तेव्हा जंगलाचं नुकसान झालं. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला लावली जाणारी छोटी, थंड आगच थांबली. मग वर्षाअखेरीस वाळलेल्या गवतात प्रचंड वणवे पेटू लागले. आता रेंजर पुन्हा सुरुवातीलाच, दव पडत असताना, तुकड्यातुकड्यांनी जाळतात. ती आग रात्री आपोआप विझते आणि मागे जळलेल्या-न जळलेल्या पट्ट्यांची गोधडी राहते, तिच्यामुळे पुढचा वणवा अडतो. शेजारच्या काकडू राष्ट्रीय उद्यानात तिथले मूळनिवासी बिनिंज लोक मे ते मध्य जूनच्या या काळाला येग्गे म्हणतात. तेव्हा धूर दिसला म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही. रस्त्याचे फलक मात्र पाळा आणि स्वतः आग पेटवू नका.

परमिटमधल्या चुका

अर्ज तीन आठवडे आधी करा. गाडीतल्या प्रत्येकाचं नाव, गाडीचा नंबर, मार्ग आणि तारखा लिहा. ‘पर्यटन’ एवढंच लिहिलेला अर्ज अडकतो. कुठे मुक्काम आणि कशासाठी, हे स्पष्ट हवं. ट्रान्झिट परमिट फक्त त्या रस्त्यापुरतं असतं. बाजूच्या कच्च्या वाटेने झऱ्यापर्यंत जाणं त्यात येत नाही.

उलुरूकडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या लॅव्हर्टनला जाणारा सुमारे ११०० किलोमीटरचा ग्रेट सेंट्रल रोड घेतलात तर दोन परमिटं लागतात. टेरिटरीतल्या भागाचं सेंट्रल लँड कौन्सिलकडून आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या भागाचं त्या राज्याकडून. एकच काढलेल्यांची अडचण सीमेजवळ काल्टुकाट्जारा इथे होते. वाटेत दारू नेऊ नका, बऱ्याच भागांत तिला बंदी आहे. पंपावर ओपल पेट्रोल मिळतं. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा घालण्यासाठी ते बनवलं आहे आणि साध्या पेट्रोल गाड्यांना चालतं.

वस्तीत मृत्यू किंवा विधी असेल तर मिळालेलं परमिटही थांबवलं जाऊ शकतं. अशा वेळी वाद घालू नका. दोन मोकळे दिवस हाताशी ठेवूनच निघा. वस्तीत राहणारा कुणी ‘या’ म्हणाला म्हणून परमिटची गरज संपत नाही, कारण तिथे राहणारा प्रत्येकजण त्या जमिनीचा पारंपरिक मालक नसतो.

पवित्र स्थळ नोंदीत नाही म्हणून मोकळं समजणे

१९८९ च्या टेरिटरी कायद्यानुसार पवित्र स्थळाला नोंद नसली तरी संरक्षण असतं. रस्ता, कुंपण किंवा बोअरचं काम असेल तर पवित्र स्थळांचं काम पाहणाऱ्या ॲबोरिजिनल एरियाज प्रोटेक्शन ऑथॉरिटीकडून प्रमाणपत्र घ्या. जमीनमालकाचा होकार त्याची जागा घेत नाही.

काहिल्स क्रॉसिंग

काकडूतून गुनबलान्या वस्तीला जाताना काहिल्स क्रॉसिंगच्या फरशी पुलावरून ईस्ट ॲलिगेटर नदी ओलांडली की अर्न्हम लँड सुरू होतं, म्हणजे नॉर्दर्न लँड कौन्सिलचं परमिट आधीच खिशात हवं. या पुलावर भरतीला पाणी येतं. भरतीचं वेळापत्रक पाहून ओहोटीलाच पार करा. पाणी किती आहे ते पाहायला पायी उतरू नका. माशांच्या आशेने खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथेच दबा धरून असतात. पाणी जास्त वाटलं तर गाडी मागे घ्या आणि उतरेपर्यंत थांबा.