अग्निशामक भरतीची तयारी करताना या चुका टाळा

अग्निशामक व्हायचे म्हणून पहाटे मैदानावर येणाऱ्या बहुतेक मुलामुलींची तयारी धावण्यापासून सुरू होते आणि धावण्यापाशीच थांबते. मुंबई अग्निशमन दलात २०२३ साली ९१० पदांसाठी भरती निघाली, तेव्हा पुरुषांना ८०० मीटर अंतर ३ मिनिटांत धावायचे होतेच. त्याशिवाय १९ फूट उंचीवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या मजबूत कापडात, उडी मारायची होती आणि ५० किलोची मानवाकृती खांद्यावर घेऊन धावायचे होते.

पहिली चूक त्याहून साधी आहे. त्या भरतीत पुरुषांसाठी १७२ आणि महिलांसाठी १६२ सेंटिमीटर उंचीची अट होती, तरीही कित्येक जण घरच्या भिंतीवर पेन्सिलने केलेल्या खुणेवर विसंबून राहतात. आमच्याकडे आठ महिने घाम गाळलेला एक मुलगा मापाच्या पट्टीखाली अर्ध्या सेंटिमीटरने मागे पडला, आणि त्या दिवशी त्याच्याशी काय बोलावे हे मला सुचले नाही. दिवसभराच्या उभे राहण्याने मणका किंचित दबतो, त्यामुळे सायंकाळची उंची सकाळपेक्षा थोडी कमी भरते. म्हणून तयारीला लागण्यापूर्वीच अनवाणी उभे राहून दोन्ही वेळा मोजून घ्यावे. छाती फुगवल्यावर ती ५ सेंटिमीटरने वाढली पाहिजे, हेही अनेकांना ऐनवेळी कळते.

धावताना पहिल्या ४०० मीटरमध्येच सगळा दम खर्च करू नये. प्रत्येक २०० मीटरला ४५ सेकंद हा हिशेब घड्याळ लावून अंगवळणी पाडावा.

मानवाकृती उचलण्याकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. सरावासाठी मानवाकृतीऐवजी घेतलेले वाळूचे पोते कमरेतून वाकून, पाठीच्या जोरावर उचलले की ते एका खांद्यावरून घसरते, पाय अडखळतात आणि कंबर धरते. गुडघे वाकवून खाली बसावे, वजन मानेच्या मागे दोन्ही खांद्यांवर आडवे घ्यावे, त्याचा तोल सापडल्यावर मगच मांड्यांच्या जोरावर उठावे आणि पावले लहान ठेवावीत. सुरुवात २० किलोपासून करावी. पहिल्याच आठवड्यात ५० किलो उचलण्याचा हट्ट धरणारे पुढचे दोन महिने अंथरुणाला खिळलेले मी पाहिले आहेत.

उडीच्या बाबतीत याच्या उलट चूक होते. १९ फूट म्हणजे जवळजवळ दोन मजले, आणि काही उत्साही मुले बांधकामाच्या ठिकाणी वाळूच्या ढिगावर तेवढ्या उंचीवरून सराव करतात. टाचेचे हाड मोडले तर ही नोकरीच हातची जाते, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की असे कधीही करू नये. भीती घालवायची असेल तर जलतरण तलावावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पाण्यात उडी मारावी आणि इशारा मिळताच न घुटमळता पाऊल उचलण्याची सवय लावावी.

कागदपत्रांत दाखल्यावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांतील एका अक्षराचा फरकही अडवतो. तो जाहिरात येण्याआधीच दुरुस्त करावा. एखाद्या खासगी संस्थेत हजारो रुपये भरण्यापूर्वी तिचे प्रमाणपत्र सरकारी भरतीत ग्राह्य आहे का, हे राज्य अग्निशमन सेवा संचालनालयाकडे विचारावे; संचालनालयाचे प्रशिक्षण केंद्र सांताक्रूझला कालिन्यातच आहे. निवड करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या दारात तर उभेही राहू नये.

शेवटची चूक म्हणजे काम न पाहता अर्ज भरणे. मुंबईतली प्रत्येक वर्दी, म्हणजे दलाला मदतीसाठी येणारा निरोप, आगीची नसते. पावसाळ्यात झाडे पडतात, जुन्या इमारतींचे भाग कोसळतात, कुठे गॅसगळती होते, कुठे लिफ्टमध्ये माणसे अडकतात. भायखळ्याच्या मुख्यालयाचा इतिहास वाचा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात दलाचे ६६ जवान कामी आले, आणि त्यांच्याच स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. अर्जावर सही करण्यापूर्वी हे सारे घरच्यांनाही सांगावे, कारण रात्री-अपरात्री वर्दी आली की ताटावरून उठावे तुम्हाला लागते, पण परत येईपर्यंत जागे त्यांना राहावे लागते.